सात रस्त्याजवळचे एक मेडिकल: गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतरचे पंधरा दिवस

एप्रिल महिन्यात वडिलांच्या गुडघ्याचे सांधेरोपण झाले. शस्त्रक्रिया उत्तम झाली. मात्र रुग्णालयातून निघताना डिस्चार्ज कार्डावरची औषधे समजावून सांगायला कोणालाही सवड नव्हती. ते काम सोलापुरातल्या सात रस्त्याजवळच्या एका लहानशा औषध दुकानाने केले, म्हणून हा अभिप्राय.

कार्डावर वेदनेसाठी तीन गोळ्या होत्या: ट्रॅमाडॉल व पॅरासिटामॉल एकत्र असलेली दिवसातून तीनदा, अ‍ॅसिक्लोफिनॅक व पॅरासिटामॉलची दोनदा आणि दुखल्यास ६५० मिलिग्रॅमची साधी पॅरासिटामॉल, जास्तीत जास्त चारदा. नावे वेगवेगळी असल्यामुळे ही तीन निराळी औषधे आहेत, असेच आम्ही समजत होतो. दुकानातील फार्मासिस्टने मात्र कागदावर बेरीज मांडली. पहिल्या दोन्ही गोळ्यांत प्रत्येकी ३२५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असल्यामुळे सगळे मिळून दिवसाला ४,२२५ मिलिग्रॅम होत होते, आणि प्रौढ माणसासाठी ४,००० ही कमाल मर्यादा मानली जाते. त्यापुढे धोका यकृताला. वडील रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन आणि लघवी वाढवणारे औषध घेतात हे कळल्यावर त्याने अ‍ॅसिक्लोफिनॅकवरही बोट ठेवले, कारण या तिन्हींचा एकत्रित ताण मूत्रपिंडावर येतो, आणि सोलापूरच्या उन्हाळ्यात शरीरातले पाणी कमी झाले की तो अधिकच वाढतो. स्वतःच्या अधिकारात त्याने काहीही बदलले नाही. आमच्यासमोर डॉक्टरांना फोन लावला आणि त्यांनीच अ‍ॅसिक्लोफिनॅक बंद करून साध्या पॅरासिटामॉलची संख्या कमी केली.

तिसऱ्या दिवशी वडिलांचे पोट साफ होईना. मी इसबगोल मागितला. ट्रॅमाडॉलने आतड्यांची हालचाल मंदावलेली असताना, आणि त्यात पाणी कमी पिणाऱ्या माणसाला, इसबगोलने पोट आणखी जड होऊ शकते, असे सांगून त्याने डॉक्टरांना विचारून लॅक्टुलोजचे पातळ औषध दिले. (कडक भाकरी आणि शेंगा चटणी काही दिवस बाजूला ठेवावी लागली, याचे वडिलांना गुडघ्यापेक्षा जास्त दुःख होते.) ट्रॅमाडॉलने मळमळ आणि चक्करही येते, तेव्हा "काकांना रात्री एकट्याने उठू देऊ नका" ही त्याची सूचना नव्या गुडघ्याच्या दृष्टीने सर्वांत मोलाची ठरली. व्यायाम घेणारे डॉक्टर येण्याच्या तासभर आधी गोळी द्यावी, हेही डॉक्टरांना विचारून त्यानेच वेळापत्रकात लिहून दिले.

दहाव्या दिवशी ट्रॅमाडॉल संपली, तेव्हा नव्या चिठ्ठीशिवाय गोळी देण्यास त्याने साफ नकार दिला. आम्ही चिडलो. पण हे औषध एच-१ अनुसूचीत, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकता न येणाऱ्या औषधांच्या एका सरकारी यादीत असून त्याच्या विक्रीची नोंद रुग्णाच्या व डॉक्टरांच्या नावासह स्वतंत्र वहीत ठेवावी लागते, तेव्हा चूक आमचीच होती. फेरतपासणीत डॉक्टरांनी ती गोळी पुढे दिलीच नाही.

उणिवाही आहेत. घरपोच औषध सांगितलेल्या वेळेपेक्षा दोन तास उशिरा आले, बिलावरची छपाई इतकी फिकट असते की विम्याच्या दाव्यासाठी ते पुन्हा काढून घ्यावे लागले, आणि बसायला एकच स्टूल आहे. संध्याकाळी अक्कलकोट, इंडीकडच्या रुग्णांची गर्दी असते आणि तो त्यांच्याशी कन्नडमध्ये तितक्याच सविस्तर बोलतो, त्यामुळे रांग हलत नाही. काही विचारायचे असेल तर दुपारी जावे आणि आधीपासून चालू असलेल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्याव्यात.