स्टिकरखालची तारीख

२०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये स्वप्निल कुसाळेला नेमबाजीत ब्राँझ मिळालं आणि आमच्या घरात रायफल शिरली. लेकीने क्लबात नाव घातलं, वर्षभरात स्वतःची रायफल हवी झाली. जुनी, परदेशी, दहा मीटरवर नेम धरायची, हवेच्या दाबावर चालणारी एअर रायफल. जाहिरातीत किंमत १ लाख ४० हजार. घासाघीस करून सव्वा लाखावर आणली. त्या खुशीत मी बाकी काही बघितलंच नाही.

विकणारा स्वतःला कोच म्हणवत होता. महामार्गालगत त्याचं घर. आमच्यासमोर लेकीला अंगणात दहा शॉट मारायला लावले, फटाफट, एकामागून एक. सगळे एका नाण्याखाली झाकतील असे. "रेग्युलेटर नुकताच सर्व्हिस केलाय," म्हणाला. लाख रुपये यूपीआयने, उरलेले रोख. बिल मागितलं तर हसला. मीही हसलो!

कुडाळला घरी आल्यावर रडगाणं सुरू. लेक दोन-तीन मिनिटं थांबून मारायची तो प्रत्येक शॉट वर जायचा. लागोपाठ मारले की ठीक. मी तिलाच बोललो, खांदा हलतो म्हणून. तिचा काही दोष नव्हता, हे नंतर कळलं. रायफलच्या सिलिंडरमध्ये २०० बार दाबाने हवा भरलेली असते. रेग्युलेटर ती कमी आणि एकसारख्या दाबावर आणून पुढे देतो. आतली सीट, म्हणजे हवा अडवणारी चकती, झिजली की थांबलेल्या वेळात जास्तीची हवा पुढे झिरपते, दाब चढतो आणि पुढचा पेलेट (छर्रा) जोरात सुटतो. दहा मीटरवर फरक एक-दोन मिलिमीटरचा, पण दहा गुणांचा ठिपकाच अर्ध्या मिलिमीटरचा असतो. सामन्यात ६० शॉटना ७५ मिनिटं मिळतात, म्हणजे शॉटमागे मिनिटभराहून जास्त. फटाफट दहा मारून घेण्यातली मेख ही. घेताना पाच मिनिटं रायफल तशीच ठेवा, मग पहिला शॉट बघा. विकणारा "चला, उशीर होतोय" म्हणू लागला तर तुम्हीच उठा.

खरा धक्का मालवणला बसला. स्कूबावाल्या ओळखीच्या पोराकडे सिलिंडर भरायला नेला. त्याने तो फिरवून बघितला, त्यावरचा पांढरा स्टिकर नखाने खरवडला.

"दादानू, तारीख बघलात?"

धातूवर कोरलं होतं २०११. या सिलिंडरांचं आयुष्य कंपनीच दहा वर्षं सांगते. मुदत संपलेला सिलिंडर सामन्यात चालत नाही, आणि ती जबाबदारी खेळाडूचीच. पोराने भरायला साफ नकार दिला. सिलिंडरवरचा दाबाचा काटा १९० वर होता. हवा सोडून दिली तरी १९० वरच.

विकणाऱ्याला फोन केला तर म्हणतो, "समुद्राजवळ राहता, खारी हवा लागली असेल." मग उचलणंच बंद. पोलीस चौकीत पहिला प्रश्न: बिल आहे?

लेक सध्या क्लबची रायफल वापरते. गेल्या आठवड्यात त्याच माणसाची नवी जाहिरात दिसली. रायफल दुसरी. सिलिंडरवर पांढरा स्टिकर, त्याच जागी.