विजेवरचं चाक: नोकरीनंतर पुन्हा मातीत हात घालणाऱ्या कुंभाराचा अनुभव

विजेवरचं चाक घ्यावं का, असं आर्वी तालुक्यातल्या आमच्या समाजातले काही जण मला विचारत असतात. बहुतेक माझ्यासारखेच. बाप-आजा चाकावर बसले, आपण नोकरीला लागलो. मी एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होतो. निवृत्त झाल्यावर गावी आलो, दिवाळीच्या आधी नागपूरहून हे चाक आणलं आणि पणत्यांपासून उन्हाळ्याच्या माठांपर्यंत सगळं त्यावरच केलं. त्यामुळे आता बोलायला हरकत नाही.

चाक अर्ध्या एचपीच्या मोटरीचं आहे. वर बारा इंची थाळी, बाजूला वेगाचं पेडल, चिखल-पाणी अडवायला प्लास्टिकचं दोन तुकड्यांचं तसराळं. वीस हजारांच्या आत पडलं. खादी ग्रामोद्योग आयोगाने २०१८ मध्ये कुंभार सशक्तीकरण कार्यक्रम सुरू केला, त्यात प्रशिक्षण घेणाऱ्यांना अशी चाकं मिळतात. मी मात्र दुकानातून रोखीने घेतलं.

आधी जमेची बाजू, कारण ती मोठी आहे. घरचं जुनं चाक जमिनीलगतचं. उकिडवं बसायचं, काठीनं फिरवायचं, वेग उतरला की पुन्हा काठी घालायची. साठीच्या उंबरठ्यावर माझे गुडघे आणि खांदा ते करू देणार नाहीत. इथं स्टुलावर बसतो, पाय पेडलवर, दोन्ही हात मातीवर. गोळा मध्यावर बसवताना, जिथं सगळी ताकद लागते, तिथं मोटर एकसारखा वेग देत राहते. बोटांना जुनी सवय परत यायला वेळ लागतो आणि त्या काळात शरीर दमलं की माणूस सोडून देतो. या चाकानं मला दमू दिलं नाही. माझ्यासाठी त्याचे पैसे तिथंच वसूल झाले.

आता दुसरी बाजू. जुनं चाक जड असतं. एकदा वेग घेतला की हळूहळू मंदावत जातं आणि कुंभाराचं काम त्या मंदावण्यावर बेतलेलं असतं. जोरात असताना गोळा बसवायचा आणि उघडायचा, मग भिंत चढवायची, आणि चाक रेंगाळायला लागलं की काठ वळवायचा. मोटर मात्र स्वतःहून कधी मंदावत नाही. भिंत पातळ झाल्यावरही वेग तोच राहिला तर मडकं डोलायला लागतं. माझे काकाजी अजून जुन्या चाकावर काम करतात. ते बाजूला बसून बघत होते. म्हणाले, "एवढी घाई कायची हाय त्याले? काठ वळवतानी तं धीरं फिरव ना बापू." मी पेडल सोडत सोडत काठ वळवला आणि काठ बसला. विकणाऱ्याने हे सांगितलं नव्हतं. सांगायला हवं होतं, कारण जुन्या हाताला सगळ्यात आधी हीच गोष्ट अडवते.

दिशेचंही तसंच. आमच्या घरी चाक घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं फिरतं, आणि माझ्या बोटांना तेवढंच माहीत आहे. या चाकाला उलट फिरवायचं बटण आहे म्हणून निभलं. घेताना ते आहे का, हे आवर्जून बघा. काही स्वस्त चाकांना नसतं.

पणत्या, बोळकी, भुलाबाईच्या खेळातली लहान भांडी यांना हे चाक फार छान आहे. एकच मोठा गोळा बसवायचा आणि वरच्यावर घडवून दोऱ्यानं कापत जायचं. अक्षय तृतीयेला पितरांसाठी भरायच्या लहान घागरीही झाल्या. मोठ्या माठाचं वेगळं आहे. आमच्याकडे माठाचा गळा आणि खांदा तेवढा चाकावर होतो. पोट वाढतं ते नंतर, आतून दगडाचा गुंडा धरून बाहेरून थापीनं ठोकून. त्या ठोकण्यात मोटर काहीच मदत करत नाही. माझा खांदा दुखला तो तिथंच. विजेचं चाक घेतलं की माठ भराभर निघतील, असं कोणी सांगत असेल तर ते अर्धंच खरं आहे.

मातीचा प्रश्नही चाक सोडवत नाही. आपली कपाशीची काळी माती पाण्यानं फुगते आणि वाळताना आकसते. नुसती तीच वापरली तर सुकतानाच तडे जातात. आम्ही नाल्याकाठची पोयट्याची माती, बारीक वाळू आणि राख मिसळतो. वाळू चाळून घ्या, नाहीतर मोटरीच्या वेगात खडा बोटं सोलतो. हातचाकावर हा त्रास इतका जाणवत नसे. भाजणं तर जुन्याच रीतीनं, गोवऱ्या आणि पऱ्हाटी (कपाशीची वाळलेली झाडं) रचून पेटवलेल्या आव्यात, म्हणजे कुंभाराच्या भट्टीत. त्याची आच ७०० ते ८०० अंशांच्या आसपास जाते. माल नीट वाळलेला नसेल तर आत उरलेल्या पाण्याची वाफ होऊन भांडं फुटतं. पऱ्हाटी आमच्या शेतात आहेच, म्हणून भट्टीचा वेगळा खर्च मी केला नाही.

यंत्र म्हणून बघाल तर आतली बनावट चांगली आहे. मी उघडून पाहिलं. बेअरिंग पंपाच्या दुकानात मिळेल असं साधंच आहे, बेल्टही तसाच. गावात दुरुस्ती होते, ही मोठी गोष्ट. कमजोर जागा दोन. तसराळ्याच्या जोडातून चिखलाचं पाणी झिरपतं आणि खाली उतरतं. मी जुन्या ट्यूबची पट्टी कापून जोडाखाली घातली, आता थेंब येत नाही. दुसरी जागा वेग सांभाळणारं कार्ड. आमच्या गावात संध्याकाळी व्होल्टेज पडतं आणि चाक मध्येच गचके द्यायला लागतं. गोळा मध्यावर बसवताना असा गचका आला की सगळं वाकडं. स्टॅबिलायझर लावल्यावर थांबलं. तो खर्च धरूनच किंमत ठरवा. वीज गेली की अर्थातच काम बंद. म्हणून काकाजींचं चाक आम्ही काढलेलं नाही. भारनियमनात मी त्यांच्यासाठी माती तुडवतो.

कोणी घ्यावं? हात मुरलेला आहे, पण गुडघे-खांदे साथ देत नाहीत, त्यांनी जरूर. दिवाळी-संक्रांतीचा लहान माल करणाऱ्यांनीही. फक्त माठ आणि रांजण करणाऱ्यांनी आधी कोणाच्या तरी चाकावर बसून बघावं. शिकायचंच असेल तर चंद्रपूर जिल्ह्यात भद्रावतीला ग्रामोदय संघात मातीकामाची जुनी परंपरा आहे, तिथं जाऊन बघणं वाया जात नाही.

आणि चाक घरी आणलंत तर पिन लावायच्या आधी अर्थिंग तपासून घ्या. हात ओले, फरशी ओली, पायाखाली चिखल, आणि समोर मोटर. गावातल्या कितीतरी घरांत तिसरी तार नुसती लोंबकळत असते. मी कोळसा-मीठ घालून नवा खड्डा करून घेतला, बोर्डावर करंट गळाला की वीज तोडणारा स्विच बसवला, आणि मगच चाक सुरू केलं.