बोट लागणाऱ्यांनी क्रूझची केबिन कुठे घ्यावी: तीन सफरींनंतरचा अनुभव

मला ताम्हिणी घाटात गाडी लागते, वरंध्यात तर हमखास लागते. पुण्याहून महाडला जायचं तरी मी पुढच्या सीटवर, काच खाली करून. मी क्रूझच्या नादी लागू नये असं घरात सगळ्यांचं म्हणणं होतं, आणि पहिल्या सफरीनंतर मलाही ते पटलं होतं. पण गेल्या ऑक्टोबरपासून या एप्रिलपर्यंत मुंबईहून तीन वेळा जाऊन आले, तिन्ही वेळा वेगळ्या केबिनमध्ये. बोट लागत असेल तर आधी केबिनची जागा बघा, बाल्कनीचं नंतर.

पहिल्या वेळी आम्ही 'गॅरंटी' बुकिंग केलं होतं. ते स्वस्त पडतं. त्यात केबिनचा प्रकार पक्का असतो, पण ती बोटीवर नेमकी कुठे मिळणार हे कंपनी ठरवते. निघायच्या आठवडाभर आधी एजंटचा फोन आला, "मॅडम, जादा पैसे न भरता बाल्कनी मिळाली! वरचा डेक, अगदी पुढे." आम्ही खूश. बॅलार्ड पिअरवरून बोट सुटली, सूर्यास्त बघितला, फोटो काढले. जेवून खोलीत आलो आणि अकराच्या सुमारास कपाटातले हँगर एकमेकांवर आपटायला लागले. पडदा वीतभर पुढे यायचा आणि परत काचेला चिकटायचा. बोटीचं टोक वर चढताना अंग गादीत रुतायचं, खाली येताना पोट वरच राहिल्यासारखं व्हायचं. पहाटे तीनपर्यंत चार उलट्या झाल्या.

शेवटी ह्यांनी मला धरून दिरांच्या केबिनमध्ये नेलं. त्यांनी स्वतंत्र बुकिंग केलं होतं: चार डेक खाली, बोटीच्या मधोमध, बिनखिडकीची खोली. जाऊबाईंनी मला त्यांच्या जागेवर आडवं केलं आणि उशाशी पाण्याचा ग्लास ठेवला. वर आमच्या खोलीत ग्लासातलं पाणी या काठावरून त्या काठावर जात होतं. इथे ते नुसतं थरथरत होतं. रात्र तीच, लाटा त्याच. अर्ध्या तासात मला झोप लागली.

कारण अगदी साधं आहे. बोट पुढे-मागे झुलते तेव्हा ती बागेतल्या सीसॉसारखी असते, टोकाला बसलेला उचलला जातो आणि मधला जवळजवळ जागेवरच राहतो. एसटीत मागच्या सीटवर बसलेल्याला हे वेगळं सांगायला नको. डावी-उजवीकडे डोलते तेव्हा नारळाचं झाड आठवा: शेंडा किती हलतो आणि बुंधा किती. मोठ्या बोटींना पाण्याखाली दोन्ही बाजूंना माशाच्या परांसारखे स्टॅबिलायझर असतात, पण ते हे आडवं डोलणं कमी करतात. पुढे-मागे झुलणं त्यांना आवरत नाही. म्हणजे वरची आणि पुढची केबिन ही आमच्यासारख्यांसाठी सगळ्यात वाईट जागा, आणि बऱ्याचदा तीच महाग असते.

सासूबाईंना हे सगळं आधीच माहीत होतं. त्या लहानपणी भाऊच्या धक्क्यावरून कोकण बोटीनं जायच्या. "मधोमध पथारी टाकायची आणि टोकाकडे फिरकायचं नाही," एवढंच त्या म्हणाल्या. 'बोट लागणे' हा शब्द आपल्याकडे उगाच नाही आला.

जानेवारीत मी जाऊबाईंसारखीच केबिन मागून घेतली: खाली, मध्ये, बिनखिडकीची. झोप उत्तम लागली. पण दिवसा खोलीत बसून मोबाइल बघितला की दहा मिनिटांत मळमळ. आतल्या कानाला हालचाल जाणवत असते आणि डोळ्यांना समोर स्थिर भिंत दिसत असते. या दोघांचं जुळलं नाही की पोट ढवळतं. अशा वेळी वर उघड्या डेकवर जाऊन क्षितिजावर नजर लावली की बरं वाटायचं. पण प्रत्येक वेळी त्यासाठी लिफ्टनं चार-पाच डेक चढायचे.

म्हणून एप्रिलमध्ये तीच जागा, पण खिडकीची घेतली. माणशी थोडे जास्त पैसे गेले, पण वसूल झाले. काच उघडत नाही, वारा येत नाही, रात्री इंजिनाची घरघर ऐकू येते. तरी सकाळी डोळे उघडले की पाण्याची रेघ समोर, आणि डोकं लगेच ठिकाणावर येतं. तीन दिवसांत एकही उलटी नाही. मात्र सगळं श्रेय केबिनला देणार नाही, कारण एप्रिलचा समुद्र ऑक्टोबरपेक्षा पुष्कळ शांत होता. शिवाय यावेळी डॉक्टरांना विचारून सिनारिझिनची गोळी बोट सुटायच्या दोन तास आधी घेतली होती. पहिल्या सफरीत ती मळमळ सुरू झाल्यावर घेतली आणि उलटीतून बाहेर पडली. गोळीनं गुंगी येते, पहिली दुपार झोपेतच जाते. आलेपाक जवळ ठेवते, थोडा आराम पडतो. मळमळीसाठी मिळणारे मनगटावरचे पट्टेही वापरले, मला फरक जाणवला नाही.

बुकिंग करताना एजंटकडून डेक प्लॅन, म्हणजे बोटीच्या प्रत्येक मजल्याचा नकाशा, मागून घ्याच. मी बोटीची लांबी पट्टीनं मोजून मधोमध खूण करते आणि तिथून दोन्हीकडे किती केबिन पडतात ते बघते. लिफ्ट मध्ये असेलच असं नाही, त्यावर जाऊ नका. डोक्यावर काय आहे तेही बघा: वर स्वयंपाकघर किंवा नाचायचा हॉल असेल तर झोपेचं खोबरं. अगदी मागे प्रोपेलरची थरथर जाणवते. आणि केबिन नंबर लेखी घ्या. बदलणार असाल तर आधी मला विचारा, असं एजंटला स्पष्ट सांगा. पहिल्या वेळी मी हेच केलं नव्हतं.

उतरल्यावरही एक दिवस जातो. कोथरूडला घरी येऊन ओट्याशी कुकर लावत उभी होते, तर जमीन हळूहळू डोलत असल्यासारखं वाटत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते गेलं.

माझ्या बहिणीलाही बोट लागते. तिचं डिसेंबरचं ठरतंय. काल तिला वरच्या बाल्कनीची ऑफर आली. मी तिच्याकडे जाऊन डेक प्लॅनवर पेन्सिलनं गोल करून आलेय: खालून दुसरा डेक, मधोमध, खिडकीची.