वरूडचा रेकॉर्डिंग स्टुडिओ: तोतऱ्या गिऱ्हाइकाचा अनुभव

बसस्टँडमागं, कृषी केंद्राच्या माडीवर. तासाला 300 रुपये. धंदा मुख्यतः भजनी मंडळांचा आणि निवडणुकीत भोंग्यावरच्या प्रचाराचा. रॅप करणारा मी पहिलाच, असं स्टुडिओवाले भाऊ म्हणाले.

बुकिंग व्हॉट्सॲपवर होतं, यासाठी त्यांना आधी नमस्कार. फोनवर नाव सांगायचं म्हटलं की पहिल्याच 'प'ला माझा गाडा फसतो आणि समोरचा 'हॅलो, हॅलो' करून ठेवून देतो.

रॅपमध्ये फसत नाही. तालावर बहुतेक तोतऱ्यांचं अडखळणं कमी होतं. भाऊंना पटेना, मग यूट्यूबवर स्कॅटमॅन जॉन हा अमेरिकन गायक लावून दिला. तोही लहानपणापासून तोतराच.

माझं अडलं ते गाण्याच्या सुरुवातीला. तिथं बीट नाही, संत्रा मंडीवरची चार वाक्यं नुसती बोलायची होती. तीन टेक वाया गेले. चौथ्याला हेडफोनमध्ये माझाच आवाज जरा मागून यायला लागला आणि मी सरळ बोलून मोकळा झालो. पाहिलं तर बफर (कॉम्प्युटर आवाज पुढं सोडण्याआधी जेवढा साठवतो तो तुकडा) 1024 वर: 44.1 किलोहर्ट्झला एकेरी 23 मिलिसेकंद, जाऊन-येऊन पन्नासच्या घरात. आपला आवाज असा उशिरा कानात आला की काही तोतऱ्यांची जीभ सुटते, त्यासाठी यंत्रंही मिळतात. भाऊ बफर कमी करायला निघाले, मी हातच धरला. रॅपला मात्र 128 वर आणावा लागला, नाहीतर ताल घसरतो.

आता तक्रार. दुसऱ्या कडव्यात 'प-प-पऱ्हाटी' मी मुद्दाम ठेवलं होतं, बरोबर हायहॅटच्या (ड्रमच्या झांजेच्या) ठोक्यावर. फायनल फाइलमध्ये एकच पऱ्हाटी! "अटकला वाटलं मले बावा, साफ करून देल्लं." आणि शेवटच्या ओळीला स्वतःहून सॉफ्टवेअरचा 'स्टटर', म्हणजे तोतरेपणाचा, इफेक्ट लावून बिलात 200 रुपये वर. म्हटलं, भाऊ, हा माल माझ्याकडं वयाच्या चौथ्या वर्षापासून फुकट आहे. तोंड पाडून 200 कमी केले, पऱ्हाटी परत बसवली.

इन्व्हर्टर नाही, लाइट गेली की टेक गेला, सेव्ह करायला सांगत राहा. भिंतींना गाद्या ठोकल्यात, पण खिडकी तशीच आहे. संत्र्याच्या आंबिया बहाराची तोड चालू असताना जाणार असाल तर सकाळी 7 चा टाइम घ्या. माझ्या तिसऱ्या कडव्यात संत्र्याच्या ट्रकचा हॉर्न आहे, तो मात्र भाऊंनी साफ केला नाही.