होडी विकली, नंबर बाबांच्याच नावावर राहिला

आमची होडी विकून वर्ष होत आलं. पैसे पूर्ण मिळाले नाहीत, होडी आमच्याकडे नाही आणि कागदावर मालक मात्र अजून बाबाच आहेत. मालवणच्या किनाऱ्यावर दर मे महिन्यात कुणाची ना कुणाची होडी विकायला निघते. यंदा ज्यांची निघेल त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

होडी फायबरची, 28 फुटी, दोन सिलिंडरचं डिझेल इंजिन. बाबांचे गुडघे गेले, त्यांना चढणं-उतरणं जमेना. मी रत्नागिरीला नोकरीत, धाकटा भाऊ मुंबईत. खलाशी मिळत नव्हते. जूनपासून मासेमारी बंद, त्याआधी होडी वर ओढायची, शाकारायची, त्याला माणसं लावायची. एवढा खर्च पुन्हा कशाला, मेमध्येच विकून मोकळे होऊ, असं मीच म्हटलं. बाबांना घाई नव्हती. घाई माझी होती.

मे हा होडी विकायचा महिनाच नाही, हे मला तेव्हा कळायला हवं होतं. घेणाऱ्याला ती अख्खा पावसाळा किनाऱ्यावर सांभाळावी लागते, म्हणून तो भाव पाडतो. तीच होडी हंगामाच्या तोंडावर, रंग देऊन, इंजिन चालू करून दाखवली तर बरे पैसे देते. गावातल्या एका नाखव्याने सव्वातीन लाख सांगितले, तेही जाळ्यांसकट. मला ते फार कमी वाटले. फोटो काढून ऑनलाइन जाहिरात टाकली, किंमत 5 लाख लिहिली.

पहिला फोन त्याच संध्याकाळी आला. 'मी फौजेत आहे, होडी न बघताच घेतो, क्यूआर कोड पाठवतो, तो स्कॅन करून पिन टाका, पैसे तुमच्या खात्यात येतील.' पैसे घ्यायला कधीच पिन लागत नाही, पिन टाकला की पैसे जातात, हे मला माहीत होतं. फोन ठेवला आणि 1930 या सायबर हेल्पलाइनला नंबर कळवला. रात्री जेवताना सगळ्यांना तो किस्सा सांगितला. आपण फसणाऱ्यातले नाही, हे त्या रात्री माझ्या डोक्यात पक्कं बसलं. पुढचं सगळं त्यातूनच झालं असं मला वाटतं.

चार दिवसांनी दुसरं गिऱ्हाईक आलं, आणि ते स्वतः आलं. दुसऱ्या जिल्ह्यातला, पस्तिशीचा माणूस, बरोबर इंजिनवाला मिस्त्री. मिस्त्रीने इंजिन उघडून पाहिलं, फायबरला कुठे तडे आहेत ते बोटांनी चाचपलं. माणूस बाबांना 'काका' म्हणत होता, आईने दिलेलं कोकम सरबत दोनदा मागून प्यायला. सौदा 4 लाख 90 हजारांना ठरला. फार घासाघीस केलीच नाही त्याने. सगळे भाव पाडतात त्या महिन्यात हा गावच्या भावापेक्षा दीड लाखाहून जास्त का देतोय, हा प्रश्न मला पडला नाही. बाबांना पडला होता. तो गेल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "तो खंयचो, कोणाचो, इचारलंस काय?" मी म्हटलं, आधार कार्डाची झेरॉक्स घेतलीय.

दीड लाख विसार दुसऱ्या दिवशी खात्यात जमा झाला. पैसे पाठवणाऱ्याचं नाव वेगळंच होतं. विचारलं तर म्हणाला, भावाचं खातं आहे. उरलेल्या 3 लाख 40 हजारांचा चेक, तारीख 10 ऑगस्ट. नारळी पौर्णिमा झाली की धंदा सुरू, पैसे आले म्हणून समजा. 500 च्या स्टॅम्पवर करार लिहिला, गावातले दोघे साक्षीदार घेतले. नाव बदलून घ्यायचं काम त्याचा माणूस करणार होता. त्यासाठी त्याने नोंदणीचं प्रमाणपत्र आणि मासेमारीचा परवाना, दोन्ही मूळ कागद मागितले. मी दिले.

खरं तर आधी गावच्या मच्छीमार सोसायटीचा ना हरकत दाखला घ्यायला हवा होता. पण सोसायटीची थोडी बाकी होती, ती भरल्याशिवाय दाखला मिळाला नसता, आणि तो म्हणाला, "काका, ती मी भरतो, तुम्ही कशाला धावपळ करता." शेवटच्या आठवड्यात पहाटेच्या भरतीला तो होडी घेऊन गेला. बाबा घरातच बसून होते.

ऑगस्टमध्ये मी फोन केला. तो गोड बोलला. बँकेत थोडी अडचण आहे, चेक आत्ता टाकू नका, दिवाळीनंतर टाका. दिवाळीनंतर म्हणाला, तुळशीचं लग्न होऊ द्या. प्रत्येक वेळी तो फोन उचलत होता, म्हणून मला धीर होता. फोन लागेनासा झाला तेव्हा नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात बँकेत गेलो. चेकची मुदत संपली होती. चेकवरच्या तारखेपासून तीन महिन्यांच्या आत तो भरावा लागतो. तो वेळेत भरला असता आणि परत आला असता, तर 30 दिवसांत नोटीस देऊन, तिला 15 दिवसांत पैसे आले नाहीत तर चेक न वटल्याच्या कलम 138 खाली तक्रार करता आली असती. त्याच्या सगळ्या गोड बोलण्याचा हेतू ते तीन महिने काढायचे एवढाच होता, हे वकिलांनी समजावल्यावर माझ्या लक्षात आलं.

तरी मला तेव्हा वाटलं, साडेतीन लाखांपर्यंतचंच नुकसान आहे. डिसेंबरात मत्स्यव्यवसाय कार्यालयाची नोटीस आली, बाबांच्या नावाने. आमच्या नंबरची होडी रात्री समुद्रात एलईडी दिवे आणि जनरेटर लावून मासे गोळा करताना पकडली गेली होती. मोठी बोट जाळं मारते आणि अशी लहान होडी उजेड धरते. या मासेमारीवर 2017 पासून केंद्राची बंदी आहे आणि 2021 च्या दुरुस्तीनंतर राज्यात दंड 5 लाखांपासून पुढे आहे. आयुष्यभर बाबा या दिव्यांच्या विरोधात बोलले. सोसायटीच्या सभेत उठून उभे राहायचे, लहान मच्छीमाराच्या पोटावर पाय येतो म्हणून. त्यांच्याच नावाची नोटीस मी त्यांना वाचून दाखवली.

सुनावणीला मी स्टॅम्पपेपर घेऊन गेलो. साहेबांनी तो वाचला आणि विचारलं, "नोंदणी कुणाच्या नावावर आहे?" स्टॅम्पपेपरवर होडी कोणत्या तारखेला, किती वाजता ताब्यात दिली हे लिहिलेलं नव्हतं. आधारवरच्या पत्त्यावर पोलिसांना त्या नावाचा माणूस सापडला नाही. विसाराचे पैसे दुसऱ्याच्या खात्यातून आल्यामुळे त्याचं नाव कशालाच चिकटत नव्हतं. बाबांना सगळ्यात जास्त भीती वेगळीच वाटत होती. 2008 च्या नोव्हेंबरात अतिरेकी मुंबईकडे आले ते पोरबंदरची 'कुबेर' ही मासेमारी बोट ताब्यात घेऊन. त्यानंतर किनाऱ्यावर नंबर आणि कागद किती कडक झाले हे त्यांनी पाहिलं आहे. आपला नंबर लावून कोण कुठे फिरेल, या विचाराने त्यांना महिनाभर झोप नव्हती.

आता सोसायटीच्या सचिवांना कुणी विचारलं की ते आमचंच उदाहरण देतात, आणि देऊ देत. ते सांगतात, पैसे पूर्ण मिळाले तरी नाव बदलल्याशिवाय होडी पाण्यात सोडू नका. घेणाऱ्याला घेऊन स्वतः मत्स्यव्यवसाय कार्यालयात जा, अर्ज तुमच्यासमोर ऑनलाइन भरला जाऊ दे, तोवर मूळ कागद घरात ठेवा. त्याला फारच घाई असेल, तर विकल्याचं पत्र कार्यालयात आणि सागरी पोलीस ठाण्यात देऊन पोचशिक्का घ्या. पैसे त्याच्याच खात्यातून येऊ द्या, आणि चेक घेतलाच तर तारखेच्या दिवशी बँकेत टाका, तो काहीही म्हणो. माझ्याकडे यातलं एकही नव्हतं.

सुनावणी अजून चालू आहे. पोलिसांत तक्रार दिली आहे. जप्त झालेली होडी रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात लावली होती, ओळखायला बाबांना घेऊन गेलो. डोलकाठीच्या जागी दिव्यांसाठी लोखंडी सांगाडा बसवलेला होता. दोन्ही बाजूंना लिहिलेलं आजीचं नाव खरवडून काढलं होतं. नंबर मात्र नव्या पांढऱ्या रंगाने ठळक रंगवलेला होता.

बाबा बराच वेळ धक्क्यावर उभे राहून बघत होते. तळाला पाणी साचलं होतं, इंजिनपर्यंत आलं होतं. तिथल्या माणसाची परवानगी घेतली आणि बाबा मला म्हणाले, "आदी पाणी उपस."

मी उतरलो आणि उपसलं.