नोटपॅडमध्ये लिहून केलेली ऑडिओ सीडी: एनव्हीडीएवर इमेजबर्न वापरून आलेला अनुभव

मावशीला तिच्या गाण्याच्या रेकॉर्डिंग्जची सीडी हवी होती, तिथून हे सगळं सुरू झालं. तिची नजर उतारवयात गेली. मोबाइलची काच तिच्या बोटांना काहीच सांगत नाही, पण तिचा जुना सीडी प्लेअर तिला पाठ आहे, मोठं बटन प्लेचं, शेजारचं पुढच्या ट्रॅकचं, आणि झाकण कुठे दाबलं की उघडतं तेही. मी स्वतः जन्मापासून अंध आहे, कॉम्प्युटर एनव्हीडीएवर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरवर चालवते, म्हणलं हे काम आपणच करायचं, कुणा डोळसाला शेजारी बसवायचं नाही.

पहिली सीडी मी चुकीची केली. फाइल एक्सप्लोररमध्ये सगळ्या एमपीथ्री सिलेक्ट केल्या, कॉपी केल्या, रिकाम्या सीडीवर पेस्ट केल्या, बर्न झालं, म्हणजे सीडीवर लिहून झालं, माझ्या कॉम्प्युटरवर वाजलीसुद्धा. मावशीच्या प्लेअरमध्ये मात्र नुसती फिरत राहिली आणि थांबली. कारण ती डेटा सीडी झाली होती, म्हणजे फाइल्स ठेवायची डबी. जुन्या प्लेअरला फाइल कळत नाही, त्याला ऑडिओ सीडीच लागते, १९८० साली फिलिप्स आणि सोनीने मिळून रेड बुक नावाचे ऑडिओ सीडीचे जे नियम ठरवले त्यातली, ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट, स्टिरिओ. आणि एक्सप्लोरर विचारतो ना, डिस्क यूएसबी ड्राइव्हसारखी वापरायची की सीडी-डीव्हीडी प्लेअरसाठी, त्यातला दुसरा पर्याय ऐकून आपल्याला वाटतं हेच आपलं, पण त्यानेही डेटा सीडीच होते. हे कुणीतरी आधी सांगितलं असतं तर माझी एक सीडी आणि मावशीची एक संध्याकाळ वाचली असती.

मग एक बर्निंगचं सॉफ्टवेअर घेतलं, नाव सांगत नाही. उघडलं आणि टॅब दाबत गेले तर एनव्हीडीए म्हणतोय बटन, बटन, बटन, एकालाही लेबल नाही. गाणी टाकायची तर माऊसने ओढूनच, आणि सीडी किती भरली हे फक्त एका रंगीत पट्टीवर, ती पट्टी स्क्रीन रीडरच्या लेखी नाहीच. मला याचा मनापासून त्रास होतो, कारण सीडी-आर एकदाच लिहिता येते. डोळस माणूस बटन दाबायच्या आधी एक नजर टाकतो, यादी बरोबर आहे ना, मावतंय ना, आणि मग दाबतो. आपल्याला ती नजर टाकायची सोयच ठेवली नाही तर प्रत्येक सीडी म्हणजे अंदाजपंचे.

म्हणून मला जे हवं होतं ते असं की लिहिण्याआधी सगळं मजकुरात वाचता यावं आणि लिहून झाल्यावर कानाला कळावं. हे दोन्ही मिळालं ते इमेजबर्नमध्ये. नाव आय-एम-जी-बर्न असं लिहितात, फुकट आहे, विंडोजवर चालतं, शेवटची आवृत्ती २.५.८.० ही २०१३ची आहे आणि त्यानंतर नवीन आलेली नाही, तरी माझ्या विंडोज १०वर ती व्यवस्थित काम करते. म्हणजे जुनं आहे, पण सीडीसुद्धा जुनीच आहे, तिचे नियम काही बदललेले नाहीत.

आता याची खरी गंमत, क्यू फाइल. इमेजबर्नला गाणी ओढून द्यावी लागत नाहीत, त्याला एक साधी टेक्स्ट फाइल दिली की बास, ती नोटपॅडमध्ये लिहायची आणि शेवटी डॉट क्यू (सी-यू-ई) असं एक्स्टेन्शन द्यायचं. एका ओळीत अवतरणचिन्हांत गाण्याच्या फाइलचं नाव आणि पुढे वेव्ह (डब्ल्यू-ए-व्ही-ई) हा शब्द, खालच्या ओळीत ट्रॅक ०१ ऑडिओ, मग टायटलची ओळ, मग इंडेक्स ०१ आणि त्यापुढे शून्याच्या तीन जोड्या, मध्ये कोलन. (हे सगळे शब्द आणि आकडे अर्थात इंग्रजीतच टाइप करायचे.) पुढचं गाणं, पुन्हा त्याच चार ओळी, ट्रॅक ०२. मी डाउन ॲरो दाबत एकेक ओळ ऐकते, शंका आली तर अक्षर अक्षर ऐकते, क्रम बदलायचा तर ओळी कट करून वर पेस्ट करते आणि ट्रॅकचे नंबर सुधारते. ब्रेल डिस्प्ले, म्हणजे पडद्यावरचा मजकूर ब्रेलच्या ठिपक्यांत उमटवणारं यंत्र, असेल तर बोटाखालीच येतं सगळं. अशी पूर्ण सीडी आधी वाचून काढता येणं, हे मला कुठल्याही चकचकीत स्क्रीनपेक्षा मोलाचं आहे. टूल्स मेन्यूत क्यू फाइल बनवून देणारी खिडकीही आहे, पण मी हातानेच लिहिते, जास्त खात्री वाटते.

एक खबरदारी, सेव्ह करताना सेव्ह ॲज टाइपमध्ये ऑल फाइल्स निवडा, नाहीतर नोटपॅड मागे डॉट टीएक्सटी चिकटवतो, एक्स्टेन्शन लपवलेलं असेल तर एनव्हीडीएसुद्धा ते वाचत नाही आणि आपण शोधत बसतो की इमेजबर्न ही फाइल का घेत नाही. माझा अर्धा तास गेलाय यात. आणि फाइलची नावं मी रोमन अक्षरांत, छोटी ठेवते. टायटलची ओळ सीडी-टेक्स्टमध्ये जाते, म्हणजे ज्या प्लेअरला डिस्प्ले आहे त्यावर नाव दिसतं, पण सीडी-टेक्स्टच्या रचनेत देवनागरीची सोयच नाही, म्हणून तिथेही रोमन.

शून्याच्या त्या तीन जोड्या म्हणजे मिनिट, सेकंद आणि फ्रेम. सीडीवर एका सेकंदाच्या ७५ फ्रेम असतात, म्हणून शेवटची जोडी ०० ते ७४च्या मध्येच हवी. हे मी मुद्दाम सांगतेय कारण याचा आम्हाला फार उपयोग झाला. मावशीचं एक रेकॉर्डिंग सलग पाऊण तासाचं आहे, मध्येच बोलणं, मध्येच गाणं, आणि तिला हवं तिथे उडी मारायची होती. फाइल कापायची गरजच पडली नाही. फाइलच्या नावाची ओळ एकदाच, आणि खाली ट्रॅक ०१, इंडेक्स शून्यापासून, ट्रॅक ०२, इंडेक्स सहा मिनिटं चाळीस सेकंदांपासून, असं करत गेले. मी रेकॉर्डिंग ऐकत बसले, प्रत्येक गाण्याच्या सुरुवातीला थांबवून वेळ ऐकली आणि दुसऱ्या नोटपॅडमध्ये टिपून ठेवली. आवाज कुठेही तुटत नाही, मध्ये गॅप येत नाही, आणि पुढच्या ट्रॅकचं बटन दाबलं की नेमकं गाणं लागतं. फक्त ट्रॅक किमान ४ सेकंदांचा हवा आणि एकूण ट्रॅक ९९च्या वर नकोत.

किती मावतं याबद्दल बऱ्याच जणांचा गोंधळ होतो. सीडीवर ७०० एमबी छापलेलं असतं, एमपीथ्रीचा फोल्डर ४०० एमबीचा, म्हणजे सहज बसेल असं वाटतं. तसं नाही. ऑडिओ सीडीत फक्त मिनिटं मोजायची, ८०. गाणं एमपीथ्री असो की आणखी काही, सीडीवर जाताना ते उलगडून मिनिटाला साधारण १० एमबी होतं. आणि उलटं पण आहे, ८० मिनिटांच्या वेव्ह, म्हणजे न दाबलेल्या आवाजाच्या, फाइल्स मिळून ८०० एमबीच्या वर जातात तरी त्या ७०० एमबीच्या सीडीवर बसतात, कारण डेटा सीडीत प्रत्येक सेक्टरमधली, म्हणजे सीडीवरच्या प्रत्येक छोट्या कप्प्यातली, बरीच जागा चुका सुधारायच्या कोडला जाते आणि ऑडिओमध्ये ती जागाही आवाजालाच मिळते. एकूण वेळ मी फूबार२००० या म्युझिक प्लेअरमध्ये बघते, सगळी गाणी सिलेक्ट करून ऑल्ट एंटर, प्रॉपर्टीजमध्ये एकूण ड्युरेशन मजकुरात येतं. ७८ मिनिटांच्या पुढे मी जात नाही.

बर्न करण्यासाठी मी इमेजबर्नच्या खिडकीत जातच नाही. त्याला कमांड लाइन आहे, म्हणजे हुकूम टाइप करून ते चालवता येतं, आणि ही गोष्ट आपल्या लोकांना फार कमी माहिती आहे. असे हुकूम लिहिलेली एक बॅच फाइल करून ठेवलीये, त्यात मोड राइट, क्यू फाइल कुठे आहे, ड्राइव्हचं अक्षर कोणतं, स्पीड किती, लगेच सुरू कर, झाल्यावर ट्रे बाहेर काढ आणि लॉग, म्हणजे काय काय झालं त्याची नोंद, या टेक्स्ट फाइलमध्ये ठेव, एवढं एका ओळीत लिहिलंय. सीडी टाकायची, बॅच फाइलवर एंटर, बास. मी स्पीड १६ ठेवते, भरलेली सीडी पाच-सहा मिनिटांत होते, घाई कशाला. पहिल्यांदा करणाऱ्यांनी खिडकीत जाऊन टेस्ट मोडचा चेकबॉक्स ऑन करून एकदा रंगीत तालीम करून बघावी, ड्राइव्हला ती सोय असेल तर लेझर प्रत्यक्ष न लिहिता सगळं करून दाखवतो.

ती पाच मिनिटं मी हात कॅबिनेटवर ठेवून बसते. आधी मोटर चढते, मग एकसारखी घरघर, शेवटी सीडी बंद करताना थोडा बदललेला आवाज, मग ट्रे सर्रकन बाहेर येतो आणि इमेजबर्न झालं म्हणून छोटीशी धून वाजवतं. काही बिघडलं तर वेगळा आवाज. पडद्याकडे बघायची वेळच येत नाही. तरी मी लॉग उघडून शेवटच्या ओळी वाचते, ऑपरेशन सक्सेसफुली कम्प्लीटेड ऐकलं की मगच सीडी उचलते.

ज्यांना क्यू फाइल वगैरे नकोच असेल, दहा-बारा गाणी एकामागून एक हवीत एवढंच, त्यांना विंडोज मीडिया प्लेअर पुरेल. गाण्यावर ॲप्लिकेशन की दाबून ॲड टू, बर्न लिस्ट, आणि ऑप्शन्सच्या बर्न टॅबमध्ये स्पीड, सगळ्या गाण्यांचा आवाज सारखा करणं, गाण्यांमधली गॅप काढणं, झाल्यावर डिस्क इजेक्ट करणं असे चेकबॉक्स आहेत. फक्त प्रकार ऑडिओ सीडी आहे ना एवढं बघा. पण ट्रॅक आपल्या मनाप्रमाणे तोडायचे तर क्यू फाइलला पर्याय नाही.

रिकामी सीडी घेताना सीडी-आर घ्या. सीडी-आरडब्ल्यू पुसून परत वापरता येते म्हणून मोह होतो, पण तिच्यावरून प्रकाश कमी परत येतो आणि बरेच जुने प्लेअर ती वाचत नाहीत. सीडीची बाजू ओळखायला मी मधल्या भोकाभोवती बोट फिरवते, ज्या बाजूला बारीक उंच कडं लागतं ती खालची, लेझरची बाजू. ब्रेलची पट्टी सीडीवर चिकटवू नका, फिरताना तोल जातो, केसच्या वरच्या कोपऱ्यात लावा. मी ब्रेलच्या स्लेटवर दोनच शब्द टोचते आणि नंबर.

मावशीने सीडी दोन दिवस ऐकली आणि फोन केला, म्हणाली, "अगं, चौथा फार मोठा आहे, मधल्या बोलण्यानंतर परत गाणं सुरू होतं ना, तिथपासून वेगळा कर." मी क्यू फाइल उघडली, तीन ओळी वाढवल्या, पुढचे नंबर एकेकाने सरकवले, वरपासून खालपर्यंत एकदा ऐकून घेतलं आणि नवी सीडी टाकली.