मराठी विश्वकोशाची ऑनलाइन सेवा: वाचकाच्या बाजूने परीक्षण

मराठीतून एखाद्या विषयाची भरवशाची माहिती हवी असेल तर पहिल्यांदा मराठी विश्वकोश उघडावा, असे माझे मत आहे आणि या परीक्षणाच्या शेवटीही ते बदलणार नाही. महाराष्ट्र राज्य मराठी विश्वकोश निर्मिती मंडळाने छापील वीस खंडांतील नोंदी इंटरनेटवर विनामूल्य खुल्या केल्या आहेत आणि त्यांच्या जोडीला ज्ञानमंडळांनी, म्हणजे एकेक ज्ञानशाखा सांभाळणाऱ्या तज्ज्ञगटांनी, तयार केलेल्या नव्या नोंदी वेगळ्या संकेतस्थळावर प्रसिद्ध होत असतात. वाचायला पैसे लागत नाहीत, नाव नोंदवावे लागत नाही, मजकुराच्या मध्ये जाहिरात येत नाही. ही सेवा सार्वजनिक पैशावर चालते. म्हणून तिचे परीक्षण करताना नोंदी कशा आहेत एवढेच पाहून भागत नाही. त्या नोंदींबाबतचे निर्णय कोण घेतो, त्या जुन्या झाल्यावर उत्तरदायित्व कोणाचे आणि या सगळ्यात वाचकाला स्थान कोठे, हेही तपासावे लागते.

संस्थेची पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. महाराष्ट्र राज्याची स्थापना झाली त्याच वर्षी, १९६० मध्ये, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या अध्यक्षतेखाली साहित्य संस्कृती मंडळ स्थापन झाले आणि विश्वकोशाचे काम त्या मंडळाकडे आले. पुढे कामाचा व्याप पाहून १ डिसेंबर १९८० रोजी विश्वकोशासाठी स्वतंत्र मंडळ करण्यात आले. काम वाईत चालले, कारण शास्त्रीबोवा, म्हणजे लक्ष्मणशास्त्री, वाईत राहत आणि प्राज्ञपाठशाळा या संस्कृत विद्येच्या संस्थेची विद्वत्तेची परंपराही तिथलीच. पारिभाषिक संज्ञांचा खंड १९७३ मध्ये, नोंदींचा पहिला खंड १९७६ मध्ये आणि विसावा खंड २०१५ मध्ये निघाला. शास्त्रीबोवांचे १९९४ मध्ये निधन झाले, त्यांच्यानंतर मे. पुं. रेगे, रा. ग. जाधव, श्रीकांत जिचकार, विजया वाड, दिलीप करंबेळकर, राजा दीक्षित अशा अध्यक्षांनी ही धुरा वाहिली. एवढ्या दीर्घ काळात किती सरकारे बदलली हे वाचकाला ठाऊकच आहे. शासकीय मंडळाने हाती घेतलेले काम इतकी वर्षे न सोडता शेवटच्या खंडापर्यंत नेल्याची उदाहरणे आपल्याकडे फार नाहीत, आणि त्याचे श्रेय मोकळेपणाने द्यायला हवे.

आता सेवेचा गाभा, म्हणजे नोंद. विश्वकोशाची नोंद एका माणसाच्या मनात आले आणि त्याने लिहिली अशी होत नाही. आधी विषयवार याद्या झाल्या, कोणत्या विषयाला मोठी नोंद द्यायची आणि कोणाला चार ओळींत आटोपायचे हे ठरले, नोंदीत काय यावे याचे टाचण लेखकाकडे गेले, आलेला मजकूर त्या विषयातील जाणकारांनी तपासला आणि मग संपादकांनी तो कोशाच्या भाषेत बसवला. अभ्यागत संपादक म्हणून बाहेरच्या तज्ज्ञांना बोलावण्याची पद्धत होती. नोंदीच्या शेवटी लेखकाचे आडनाव आणि आद्याक्षरे असतात, आणि अनेक नोंदींना संदर्भग्रंथांची यादी जोडलेली असते. वाचकाच्या दृष्टीने ही सही फार मोलाची आहे. मजकुरामागे कोण उभे आहे हे कळते, त्या व्यक्तीचे इतर लेखन शोधता येते, आणि मतभेद असेल तर तो कोणाशी आहे हे नेमके सांगता येते. ज्ञानाची देवाणघेवाण हा शब्दप्रयोग आज प्रत्येक संस्थेच्या अहवालात असतो. पण ज्याच्यावर कोणाचे नाव नाही अशा माहितीची देवाणघेवाण झाली, तरी तिच्यावर विसंबता येत नाही.

दुसरी गोष्ट परिभाषेची. संज्ञांचा खंड नोंदींच्या खंडांआधी काढण्याचा निर्णय दूरदर्शी होता. भौतिकीच्या नोंदीत एका संकल्पनेला एक शब्द आणि अभियांत्रिकीच्या नोंदीत तिलाच दुसरा शब्द आला असता, तर विद्यार्थ्याची वाट चुकली असती. इथे शेकडो लेखक असूनही शब्द बहुतांशी एकच राहतो. काही संज्ञा जड आहेत, काही रुळल्या नाहीत, हे मान्य. पण शास्त्र मराठीत लिहू पाहणाऱ्या अनुवादकाला, शिक्षकाला किंवा पत्रकाराला टेकू मिळतो तो याच शब्दसंग्रहाचा.

वनस्पतींच्या नोंदी जवळून पाहण्यासारख्या आहेत. मथळ्यानंतर लगेच कंसात त्या वनस्पतीची इतर भाषांतील नावे येतात: हिं., गु., क., सं., इं. अशा संक्षेपांनंतर लॅटिन शास्त्रीय नाव आणि शेवटी कुल, म्हणजे वनस्पतीचे घराणे. ही एक ओळ किती जणांच्या कामी येते, याचा विचार करावा. सोलापूर किंवा कोल्हापूरच्या सीमाभागातील शेतकऱ्याला कन्नड नाव ओळखीचे असते, वैद्यांना संस्कृत नाव हवे असते, कृषी महाविद्यालयातील विद्यार्थ्याला लॅटिन नावाशिवाय पुढे जाता येत नाही, आणि या तिघांना आपण एकाच झाडाविषयी बोलत आहोत याची खात्री ती ओळ देते. पुढे खोड, पाने, फुलोरा, फळ असे वर्णन आणि मग उपयोग, आणि जिथे लागवडीचे पीक असेल तिथे हवामान, जमीन, मशागत, रोग व किडी. वाक्ये तोकडी आणि काटेकोर. एका नोंदीतून दुसरीकडे नेणारी बाणाची खूण मजकुरात जागोजागी असते. तिच्या मागे गेले की एका पिकापासून निघून एखाद्या बुरशीपर्यंत आणि तिथून वनस्पतिरोगविज्ञानापर्यंत वाचन सहज पोचते. शालेय वयाच्या मुलांना या नोंदींची भाषा कठीण वाटेल, पण दहावीच्या पुढच्या विद्यार्थ्याला ती झेपायला हरकत नाही.

आता उणिवांकडे येतो, आणि त्यातली सर्वांत मोठी काळाची आहे. सत्तरच्या दशकात छापलेल्या खंडांत लोकसंख्येचे आकडे १९७१ च्या जनगणनेचे असणार, हे उघड आहे. जिल्ह्यांचे पाहा. उस्मानाबाद जिल्ह्याची नोंद लिहिली गेली तेव्हा लातूर त्याच जिल्ह्यात होते. स्वतंत्र लातूर जिल्हा ऑगस्ट १९८२ मध्ये झाला. औरंगाबादची नोंद जालना जिल्हा होण्यापूर्वीची आहे, तो १ मे १९८१ ला झाला. आज या दोन्ही जिल्ह्यांची नावेही धाराशिव आणि छत्रपती संभाजीनगर अशी बदलली आहेत. छापील खंड हातात धरणाऱ्याला मुखपृष्ठामागे प्रकाशनवर्ष दिसते आणि तो सावध राहतो. शोधयंत्रातून थेट नोंदीवर उतरलेल्या स्पर्धा परीक्षेच्या विद्यार्थ्याला मात्र आपण जवळजवळ पन्नास वर्षांपूर्वीचा मजकूर वाचत आहोत हे आपोआप कळत नाही. म्हणून प्रत्येक जुन्या नोंदीच्या माथ्यावर, मथळ्याच्या अगदी शेजारी, खंडाचे प्रकाशनवर्ष ठळकपणे असणे ही या सेवेची पहिली गरज आहे. याला नवे संशोधन लागत नाही, समिती लागत नाही, मोठा खर्चही लागत नाही.

जुन्या नोंदी खोडून नव्या घालाव्यात, असे मी मुळीच म्हणणार नाही. त्या काळचे महाराष्ट्राचे ज्ञान कसे होते याचा तो दस्तऐवज आहे आणि त्यावरील लेखकांच्या सह्यांचा मान राखला गेला पाहिजे. जुने जसेच्या तसे ठेवून त्याच्याजवळ नवे मांडणे, हा मार्ग योग्य, आणि ज्ञानमंडळांची कल्पना त्याच दिशेची आहे. विद्यापीठे आणि संशोधनसंस्था यांच्याकडे एकेक ज्ञानशाखा सोपवायची, तिथल्या प्राध्यापकांनी नोंदी लिहायच्या आणि तपासायच्या, मंडळाने भाषा आणि शिस्त सांभाळायची, अशी ही रचना. पुरातत्त्वासारख्या विषयासाठी डेक्कन कॉलेजसारखी संस्था हाताशी असताना सगळे तज्ज्ञ वाईत गोळा करण्याचा आग्रह धरण्यात अर्थ नव्हता. नव्या नोंदींत लेखकाबरोबर समीक्षकाचेही नाव दिलेले असते, हा जुन्या पद्धतीच्या एक पाऊल पुढचा भाग आहे. मजकूर कोणी तपासला हे जाहीर करणारे मराठी प्रकाशन विरळाच, आणि इतर सांस्कृतिक संस्थांनी ही एक प्रथा तरी इथून उचलावी.

या विकेंद्रित रचनेचा धोकाही आहे. यजमान संस्थेत उत्साही समन्वयक असेल तर त्या विषयाच्या नोंदी भराभर वाढतात, तो निवृत्त झाला किंवा त्याच्यावर इतर कामांचा बोजा आला की त्या विषयाचा वेग मंदावतो. कोणत्याही विद्यापीठीय उपक्रमाची हीच गत असते. प्राध्यापकाच्या बढतीच्या हिशेबात कोशनोंदीला शोधनिबंधाइतके वजन नसेल, तर चांगले लेखक मिळवणे दरवर्षी अधिक अवघड होत जाणार. विद्यापीठांनी विश्वकोशातील समीक्षित नोंदीला शैक्षणिक कामगिरी म्हणून रीतसर मान्यता द्यावी. तसे झाले तर मंडळाला मानधन वाढवूनही जे साधणार नाही ते साधेल. शिवाय छापील खंडांच्या नोंदी एका ठिकाणी आणि ज्ञानमंडळांच्या दुसऱ्या, अशी दोन घरे आहेत. वाचकाला विश्वकोश एकच हवा आहे. एकाच शोधाने जुनी व नवी अशा दोन्ही नोंदी शेजारीशेजारी आल्या, तर एखादा विषय पन्नास वर्षांत कसा बदलला हेही दिसेल आणि कोशाचे मोल दुप्पट होईल.

इथे श्रीधर व्यंकटेश केतकरांची आठवण येणे अपरिहार्य आहे. त्यांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोशासाठी मर्यादित कंपनी काढली, तिचे भाग (शेअर) विकले, वर्गणीदार मिळवण्यासाठी गावोगाव माणसे पाठवली आणि २३ खंड १९२० च्या दशकात पूर्ण केले. त्या कोशाच्या गुणदोषांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. मला महत्त्वाची वाटते ती त्याची रचना. भागधारक आणि वर्गणीदार यांचा त्यात पैसा होता, त्यामुळे पुढचा खंड कुठे आहे असे विचारण्याचा त्यांना हक्क होता आणि संपादकाला त्यांना तोंड द्यावे लागे. विश्वकोशाला राज्याच्या तिजोरीचा आधार मिळाला, त्यामुळे केतकरांना करावी लागली तशी वणवण शास्त्रीबोवांना करावी लागली नाही, आणि कोशाला विद्वत्तेच्या निकषांवर शांतपणे वाढता आले. पण पैसा साऱ्या करदात्यांचा झाला की विचारणारा विशिष्ट असा कोणी उरत नाही. अध्यक्ष आणि सदस्य शासन नेमते. लेखक व समीक्षक मंडळ निवडते. वाचकाचा या साखळीत कोठेच हात लागत नाही.

यावर उपाय म्हणून मंडळावर आणखी चार नावे वाढवावीत असे मला वाटत नाही. वाचकाला खुर्ची नको, उत्तर हवे. प्रत्येक नोंदीखाली दुरुस्ती सुचवण्याची सोय, सूचना आल्याची पोच, ती स्वीकारली की नाकारली याचे कारण, आणि वर्षाच्या शेवटी किती नोंदी नव्या झाल्या, किती सुधारल्या, कोणत्या विषयांत काम थांबले आहे याचे साधे जाहीर निवेदन, एवढे झाले तरी शासन, तज्ज्ञ आणि वाचक यांच्यातले नाते बदलेल. मराठी विकिपीडियावर प्रत्येक बदलाचा इतिहास कोणालाही पाहता येतो. तिथे सही आणि समीक्षा नाही, इथे ती आहे. विश्वकोशाने आपली समीक्षेची शिस्त जराही सैल न करता बदलाचा इतिहास मात्र तसाच उघडा ठेवावा. अध्यक्षांची मुदत संपून नवी नेमणूक होईपर्यंत धोरणाचे निर्णय अडून राहू नयेत, यासाठी संपादकीय कामाची कायम चौकट हवी आणि तिच्यावरचे विषयतज्ज्ञ शासनबदलाबरोबर बदलू नयेत. कोश हा पाच वर्षांच्या हिशेबात बसणारा उपक्रम नाही.

ग्रंथालयांचा या सेवेशी संबंध मला अपुरा वाटतो. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६७ चा. त्याखाली आज राज्यात अकरा हजारांहून अधिक शासनमान्य ग्रंथालये आहेत. गावातल्या ग्रंथपालाकडे रोज कोणीतरी शाळेच्या प्रकल्पासाठी, भाषणासाठी किंवा परीक्षेसाठी माहिती विचारायला येते. कोणती नोंद मिळत नाही, कोणती समजत नाही, कोणती जुनी झाली आहे हे त्याच्याइतके कोणालाच ठाऊक नसते. विश्वकोश मंडळ आणि ग्रंथालय संचालनालय ही दोन्ही शासनाचीच अंगे असताना ग्रंथपालांकडून ही मागणी नियमितपणे गोळा करण्याची व्यवस्था झाली, तर पुढच्या नोंदींचा प्राधान्यक्रम वाचकाच्या गरजेवर ठरेल.

सेवा वापरू इच्छिणाऱ्यांसाठी काही व्यवहार्य सूचना. तत्त्वज्ञान, प्राचीन इतिहास, भाषाशास्त्र, गणिताच्या मूलभूत संकल्पना, वनस्पती व प्राणी, संगीत आणि वाङ्मयप्रकार यांसाठी छापील खंडांच्या नोंदी निःशंकपणे वाचाव्यात. अशा विषयांवर इतके सुबोध आणि जबाबदार मराठी लेखन एकत्र कुठे सापडणे कठीण. देश, शहरे, जिल्हे, उद्योग, तंत्रज्ञान, कायदा आणि वैद्यक यांसाठी आधी ज्ञानमंडळाची नोंद पाहावी, ती नसेल तर जुन्या नोंदीतला इतिहासाचा भाग घ्यावा आणि आकडेवारी दुसरीकडून तपासावी. नोंदीचा आधार लेखात किंवा प्रबंधात देताना केवळ ‘मराठी विश्वकोश’ असे न लिहिता नोंदीचे शीर्षक, लेखकाचे नाव, खंडाचा क्रमांक आणि प्रकाशनवर्ष हे चारही तपशील द्यावेत.